निळा नॉब

डोंबिवलीत हवेबद्दल कुणाला काही शिकवावं लागत नाही. २०१४च्या जानेवारीत इथं हिरवा पाऊस पडला. २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला मुख्यमंत्री आले. २०१६च्या आणि २०२४च्या मे महिन्यात कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. रात्री उशिरा सोसायटीच्या ग्रुपवर कुणी "येतोय का?" एवढंच विचारलं तरी कशाबद्दल ते सगळ्यांना कळतं.

या टिपणांतले वायू मात्र रस्त्यावर कुणाच्या नाकाला लागत नाहीत. ते नर्सिंग होमच्या पहिल्या मजल्यावरून, थिएटरच्या मागच्या खिडकीतून, कोरुगेटेड नळीच्या तोंडाने बाहेर जातात. खाली पार्किंग असतं, नाहीतर शेजारच्या इमारतीची गच्ची. भूल देणं हा माझा धंदा, त्यामुळे त्या नळीच्या आतल्या टोकाशी माझी चांगली ओळख आहे.

*

आमच्या पट्ट्यातले बरेच भूलतज्ज्ञ कुठल्या एका रुग्णालयाचे नसतात. सकाळी रामनगरात सिझेरियन, दुपारी कल्याणात संतोषी माता रोडवर हर्निया, संध्याकाळी नौपाड्यात मोडलेलं मनगट. बॅगेत लॅरिंगोस्कोप, नळ्या, औषधं, आणि विश्वास नसेल तिथं स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर. मशीन मात्र त्या त्या नर्सिंग होमचं. कुठे तीस वर्षांचं बॉईल, कुठे गेल्या वर्षी आलेलं स्क्रीनवालं वर्कस्टेशन.

या व्यवस्थेत एक गंमत आहे. वायूचा नॉब फिरवतो तो बिल भरत नाही. बिल भरणारा डॉक्टर थिएटरातच उभा असतो, पण त्याचं लक्ष पोटात असतं.

*

आमच्या पिढीला शिकवलं ते असं: निळा नॉब चारवर, पांढरा दोनवर. म्हणजे मिनिटाला ४ लिटर नायट्रस ऑक्साइड आणि २ लिटर ऑक्सिजन. वर द्रवाची वाफ करणाऱ्या व्हेपोरायझरमधून हॅलोथेन, पुढे आयसोफ्लुरेन, त्याही पुढे सेव्होफ्लुरेन. हा आकडा इतका हाडीमाशी भिनलेला की कित्येक थिएटरांत डॉक्टर पोचण्याआधी मामा, म्हणजे वॉर्डबॉय, चार-दोन लावून ठेवतो.

आता हिशोब. मिनिटाला ४ लिटर म्हणजे तासाला २४० लिटर, वजनात साधारण ४३० ग्रॅम. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर एक किलो नायट्रस हा जवळपास २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तेव्हा एका तासाच्या अपेंडिक्समागे ११७-११८ किलो. एक लिटर पेट्रोल जळताना २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे त्या अपेंडिक्सपायी ५० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. रुग्णाला घेऊन आलेल्या रिक्षाची टाकी याच्यापुढे किरकोळ.

त्याच तासात सेव्होफ्लुरेन किती जातं? आमच्यात एक सोपा आडाखा आहे: तीन गुणिले लिटर गुणिले टक्के. ६ लिटर फ्लो आणि २ टक्के सेव्हो म्हणजे तासाला ३६ मिलिलिटर द्रव. हवामानाच्या भाषेत सुमारे ७ किलो.

सेव्होचे सात, नायट्रसचे एकशे अठरा. पर्यावरणाविषयीची सगळी व्याख्यानं मात्र व्हेपोरायझरमधल्या बाटलीवर होतात.

*

डेसफ्लुरेनची गोष्ट वेगळी, आणि ती नाव घेऊन सांगण्यासारखी आहे. हे द्रव २३ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे आपल्याकडे थिएटरचा एसी बंद पडला की उघड्या बाटलीत उकळेल. म्हणून त्याचा व्हेपोरायझर विजेवर चालतो आणि द्रवाला ३९ अंशांवर, दाबाखाली ठेवतो. रुग्ण त्यातून भराभर जागा होतो. वजनदार माणसाची लांब शस्त्रक्रिया असेल तर भूल देणाऱ्याला ते आवडतं, यात नवल नाही.

पण एक किलो डेसफ्लुरेन म्हणजे अडीच हजार किलो कार्बन डायऑक्साइड. सेव्होला हाच आकडा १३०च्या जवळ, आयसोला ५००च्या वर. शिवाय ताकद कमी, म्हणून २ टक्क्यांऐवजी ६ टक्के द्यावं लागतं. २४० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे जवळपास ९०० किलो.

स्कॉटलंडने मार्च २०२३मध्ये आपल्या सरकारी आरोग्यसेवेतून ते काढून टाकलं. इंग्लंडने २०२४मध्ये तेच केलं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६पासून रोजच्या वापरावर बंदी आणली. दुसरं काही चालणारच नाही अशा रुग्णापुरती मुभा आहे, आणि का वापरलं ते लिहून ठेवायचं.

आपल्याकडे असा नियम नाही. आपल्याला वाचवलं ते डेसफ्लुरेनच्या किमतीने. मानपाडा रोडवरच्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमला ते परवडतच नाही, त्यामुळे पाप करायची संधीच मिळाली नाही. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूने मोठी रुग्णालयं वाढत आहेत, तिथं ही गरिबीची ढाल चालणार नाही. तिथल्या खरेदी समितीतल्या भूलतज्ज्ञांनी एक ओळ लिहिली तर प्रश्न सुरू व्हायच्या आत संपेल.

*

हे वायू शरीरात खर्च होतात असा लोकांचा समज असतो. होत नाहीत. सेव्होचे दोन ते पाच टक्के यकृतात मोडतात, आयसोचे दोन दशांश टक्के, डेसफ्लुरेनचे त्याच्याही दहाव्या हिश्शाइतके. बाकी सगळं जसं आत गेलं तसं बाहेर येतं. रुग्ण ते तासभर वापरायला घेतो आणि परत करतो. परत केलेलं कुठं जातं, ते बघायची पद्धत नाही.

कुठं जातं याचं एक उत्तर २०१५मध्ये मिळालं. मार्टिन फॉल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातल्या कोरियन तळावरच्या हवेचे नमुने तपासले. त्यात आयसो, सेव्हो, डेसफ्लुरेन तिन्ही सापडले. प्रमाण अगदी सूक्ष्म, पण तिथं आसपास ऑपरेशन थिएटरांची रांग नाही.

*

फ्लो कमी करा म्हणणं सोपं आहे. तो वाढवून का ठेवला जातो, हे सांगितल्याशिवाय ते म्हणू नये.

पहिलं कारण बेन सर्किट. नळीत नळी, हलकं, स्वस्त, धुवायला सोपं, टेबलाच्या कुठल्याही बाजूला नेता येतं. पण त्यात रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायची सोय नसते. तो ताज्या वायूच्या लोंढ्यानेच ढकलून द्यावा लागतो. साठ किलोच्या माणसाला मिनिटाला पाच-सहा लिटर सोडावेच लागतात. तिथं फ्लो एक लिटरवर आणला तर तो पर्यावरणाचा नव्हे, पोलिसांचा विषय होईल.

कमी फ्लोसाठी सर्कल हवं, म्हणजे सोडा लाइमचा डबा असलेलं सर्किट. रुग्णाचा उच्छ्वास त्या डब्यातून जातो, कार्बन डायऑक्साइड तिथं अडकतो, उरलेला भूलवायू आणि ऑक्सिजन पुन्हा रुग्णाकडे. दाणे संपत आले की रंग बदलतात, पांढऱ्याचे जांभळे होतात. रंग बदललेले दाणे डब्यात तसेच राहिले तर सगळी बचत वाया आणि रुग्णाला त्रास.

दुसरं कारण गॅस ॲनलायझर. सहा लिटर सोडताय तेव्हा डायलवर २ टक्के म्हणजे रुग्णालाही जवळपास तेवढंच. अर्ध्या लिटरवर मात्र डायलचा आकडा आणि रुग्णाच्या फुप्फुसातला आकडा यांची फारकत होते. ती दाखवणारं यंत्र महाग आहे, आणि जिथं ते नाही तिथं जास्त फ्लो ही उधळपट्टी नसून सुरक्षितता आहे. हे पश्चिमेकडच्या लेखांत सापडत नाही, कारण तिथं ॲनलायझर नसलेलं मशीन आता दिसतच नाही.

तिसरं कारण अमेरिकेतलं. सेव्होच्या तिथल्या माहितीपत्रकात फ्लो एक लिटरवर ठरावीक वेळच ठेवा, पुढे दोन लिटरच्या खाली नको, असं लिहिलंय. जुन्या सोडा लाइमशी संयोग होऊन तयार होणाऱ्या एका पदार्थाने उंदरांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. माणसांत तशी इजा दिसून आलेली नाही, दाण्यांची घडणही आता सुधारली आहे. पण कागदावर आहे म्हणून दोनच्या खाली न जाणारे ज्येष्ठ मी पाहतो. त्यांच्याशी वाद घालत नाही. सहावरून दोनवर आले तरी दोन तृतीयांश बचत झालीच.

*

पैशांत बोलू, म्हणजे मालकांना कळेल. ६ लिटर फ्लोवर सेव्होची २५० मिलिलिटरची बाटली सात तास जाते. १ लिटरवर चाळीस तासांच्या वर. मशीनला सर्कल आणि ॲनलायझर असूनही फ्लो सहावर असेल, तर सहातल्या पाच बाटल्या मागच्या खिडकीतून फेकल्या जातायत.

*

एक बारीक गोष्ट, जी पुस्तकात शेवटी असते आणि व्यवहारात आधी. रुग्ण झोपला, मास्क काढला, आता घशात नळी घालायची. त्या अर्ध्या-एक मिनिटात सर्किटचं तोंड उघडं असतं आणि वायू थिएटरात, म्हणजे सिस्टरच्या आणि आपल्या नाकात, सोडला जातो. बहुतेक जण व्हेपोरायझर बंद करतात. बंद करायचा तो फ्लो. व्हेपोरायझर तसाच राहू द्यावा. सर्किटमध्ये भरलेला वायू टिकून राहतो, नळी जोडली की पुढे चालू.

आणि एक उलटी गोष्ट. टॉन्सिलचं पाच वर्षांचं पोर रडत आईच्या मांडीवर आहे, सुई लावू देत नाही. त्याला मास्कवर सेव्हो ८ टक्के, फ्लो सहा लिटर. दोन मिनिटांत झोपतं. खर्च झाले पाच मिलिलिटर. तिथं काटकसर करणाऱ्याने मुलांना भूल देऊ नये.

*

नायट्रसच्या सिलिंडरविषयी. आत तो द्रव असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत वरच्या गेजचा काटा हलत नाही, पन्नास बारच्या आसपास बसून राहतो. काटा पडायला लागला म्हणजे सिलिंडर बहुतांश संपला. म्हणून किती उरला ते वजन करूनच कळतं. रिकाम्या सिलिंडरचं वजन मानेवर ठोकलेलं असतं. हे एमडीच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, आणि परीक्षेबाहेर कुणी वजनकाटा आणलेला मला तरी दिसलेला नाही.

नायट्रस ३६.५ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, कितीही दाबा. मे महिन्यात कल्याणचा पारा चाळिशीला टेकतो. जिन्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या सिलिंडरात दुपारी द्रव नसतोच, नुसता दाब. उष्ण देशांत सिलिंडर थोडे कमी भरायचे हा नियम त्यातूनच आला.

तीस किलो वायूचा एक जंबो सिलिंडर म्हणजे आठ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड.

*

ठाण्यातल्या एका रुग्णालयात, नाव नको, तळमजल्यावर मॅनिफोल्डची खोली आहे. दोन्ही बाजूंना जंबोंची रांग, मध्ये तांब्याच्या नळ्या, तिथून भिंतीतून चार मजले वर. वरच्या थिएटरांत तरुण भूलतज्ज्ञ आले, त्यांनी नायट्रस जवळजवळ सोडून दिला. मी मामांना सहज विचारलं, "मामा, नायट्रस आता कधी बदलता?"

"सर, बदलावा तर लागतोच. वर कुणी घेवो न घेवो."

त्यांनी साबणाचं पाणी आणून एका जोडावर सोडलं. बारीक बुडबुडे येत होते, सावकाश, सारखे.

एडिंबराच्या भागातल्या रुग्णालयांत एका फार्मासिस्ट बाईंनी हाच हिशोब कागदावर मांडला: सिलिंडर किती आले आणि भुलेच्या नोंदीत नायट्रस किती वापरला. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. विकत घेतलेल्या वायूचा मोठा भाग रुग्णापर्यंत पोचतच नव्हता. मॅनिफोल्डवर, जोडांवर, मुदत संपून परत गेलेल्या सिलिंडरांत तो जात होता. तिथून ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांनी मॅनिफोल्ड बंद करायला सुरुवात केली. २०२४मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही मध्यवर्ती नळ्या बंद करून मशीनवर छोटा सिलिंडर लावा, असं सांगितलं.

या प्रश्नाचं माझ्या मते हेच मर्म आहे. चार-दोनची सवय मोडायला पिढी जाईल. नळी बंद करायला एक पाना पुरतो.

*

आपल्याकडे नळ्यांची तपासणी होत नाही असंही नाही. २१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि ऑक्सिजनवर असलेले वीसहून अधिक रुग्ण गेले. त्यानंतर राज्यभर ऑक्सिजनच्या नळ्या, टाक्या, जोड तपासले गेले. ऑक्सिजन ऑडिट हा शब्द नगरसेवकांच्याही तोंडी बसला. त्याच खोलीत, त्याच भिंतीवर, शेजारची नायट्रसची नळी मात्र कुणी तपासली नाही. तिच्या गळतीने कुणी मरत नाही, हे खरंच आहे.

*

बायोमेडिकल कचऱ्याचे २०१६चे नियम पाठ आहेत: पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, काचेसाठी निळा. नव्या आयाबाईसुद्धा आठवड्यात शिकतात. सेव्होची रिकामी बाटली कुठल्या रंगात टाकायची याचं उत्तर आहे. बाटलीत जे होतं त्याला रंग नाही.

*

नायट्रस सोडायचा तर रुग्णासाठी काय गमावतो? त्याची स्वतःची भूल कमकुवत, एकट्याने तो कुणाला पूर्ण झोपवू शकत नाही. वेदना कमी करतो, हे खरं. उलट ओकाऱ्या वाढवतो, हे पॉल माइल्स यांच्या ऑस्ट्रेलियातून चाललेल्या दोन मोठ्या चाचण्यांत (२००७ आणि २०१४) दिसलं. तो बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ. लांब शस्त्रक्रियेत अशा माणसाला तासन्‌तास नायट्रस देण्यात शहाणपण नाही, मग हवामान बदलो न बदलो.

अडचण दुसरीच आहे. जुन्या बॉईलला हवेचा फ्लोमीटरच नसतो. ऑक्सिजन आणि नायट्रस, एवढेच दोन. नायट्रस बंद केला की ऑक्सिजनमध्ये मिसळायला काही उरत नाही. छोट्या शस्त्रक्रियेला निव्वळ ऑक्सिजनवर सेव्हो चालतं. मोठ्याला मेडिकल एअरची सोय करावी. नर्सिंग होमच्या मालकाला नवं मशीन घेताना एकच प्रश्न विचारायला सांगतो: एअरचा फ्लोमीटर आहे का? टचस्क्रीन नसली तरी चालेल.

*

"डॉक्टर, पूर्ण भूल देणार की अर्धी?" हा प्रश्न टेबलावर येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो. अर्धी म्हणजे मणक्यातली सुई. तिच्यात हवेत जाणारा वायू नाही, म्हणून ती हिरवी, असं सरळ उत्तर देता आलं तर बरं झालं असतं. मेलबर्नच्या फोर्ब्स मॅकगेन आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया मोजल्या: पूर्ण भूल, मणक्यातली भूल, दोन्ही एकत्र. कार्बनचा बोजा तिन्हींत जवळजवळ सारखाच निघाला. कारण काय, तर अर्ध्या भुलेत रुग्णाच्या नाकावर दीड-दोन तास सोडलेला भरपूर ऑक्सिजन, तो बनवायला लागणारी वीज, आणि एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे संच. त्यांची वीज बरीचशी कोळशाची. आपलीही.

म्हणजे सुई देऊन झाल्यावर मास्कमध्ये सहा लिटर ऑक्सिजन लावून ठेवायची सवयसुद्धा तपासायला हवी. ऑक्सिमीटर ९८ दाखवत असेल तर ऑक्सिजन कुणासाठी?

*

शिरेतून दिलेली भूल, प्रोपोफॉल. दुधासारखं पांढरं, वायू नाही, खिडकीतून काही जात नाही. पण उरलेलं बेसिनमध्ये ओतलं की ते नाल्यात, तिथून उल्हास नदीत नाहीतर खाडीत. पाण्यातल्या जिवांना ते विषारी, आणि सहजासहजी विघटन होत नाही. त्याची जागा पिवळ्या पिशवीत आणि पुढे भट्टीत. पन्नासची बाटली फोडून वीस वापरायचं आणि तीस फेकायचं, हा आमचा रिवाज. वीसची कुपी फोडावी.

*

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं, "पोटात कार्बन डायऑक्साइड भरता म्हणे. ते पर्यावरणाला…?" चांगला प्रश्न. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पन्नास लिटर गेला धरा. वजन नव्वद ग्रॅम. तुमचा रिपोर्ट आणायला मुलगा स्कूटरवर ठाण्याला गेला, त्यात याहून बराच जास्त निघाला असेल.

*

विरोधी बाजूही वहीत हवी. २०२१मध्ये भूलतज्ज्ञ मार्क स्लिंगो आणि ब्रिटनच्या हवामान खात्याच्या माजी मुख्य शास्त्रज्ञ ज्युलिया स्लिंगो यांनी लिहिलं, की सेव्होसारखे वायू हवेत वर्ष-दोन वर्षंच टिकतात, त्यांचं एकूण प्रमाण नगण्य आहे, आणि त्यांना शंभर वर्षांच्या गुणाकाराने मोजून घबराट माजवणं चूक आहे. मला त्यात तथ्य वाटतं. डेसफ्लुरेन चौदा वर्षं टिकतं, तेही एका आयुष्याच्या मानाने थोडकंच. जगाच्या तापमानात या सगळ्या बाटल्यांचा वाटा शोधायला भिंग लागेल.

नायट्रसला मात्र ही सवलत देता येत नाही. तो शंभर वर्षांच्या वर टिकतो. आज रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर किंवा कळव्याच्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाचं आयुष्य संपेल, तरी त्याच्या आईच्या सिझेरियनच्या दिवशी हवेत गेलेला नायट्रस बराचसा वर शिल्लक असेल. वर गेल्यावर तो ओझोनही खातो. ए. आर. रविशंकर या म्हैसूरला शिकलेल्या शास्त्रज्ञाने २००९मध्ये दाखवून दिलं, की क्लोरोफ्लुरोकार्बनांवर बंदी आल्यानंतर माणूस हवेत सोडत असलेल्या ओझोनमारक वायूंत नायट्रस पहिला आहे.

रुग्णालयांना झोडपण्याआधी हेही लिहून ठेवतो: माणसाने सोडलेल्या नायट्रसचा मोठा वाटा शेतातल्या नत्रखतांतून आणि शेणामुतातून येतो. दवाखान्याचा वाटा त्यामानाने लहान. पण शेतकऱ्याने युरिया थांबवला तर पीक बसेल, दवाखान्याने मॅनिफोल्ड बंद केला तर काहीच बसत नाही.

*

बाहेर पडणारा वायू पकडून परत वापरायचा, अशी यंत्रं निघालीत. जर्मनीत, कॅनडात कोळशाचे किंवा झिओलाइटचे डबे मशीनच्या मागे लावतात. ऐकायला छान. प्रत्यक्ष मोजलं तेव्हा डेसफ्लुरेनचा पाव हिस्साच हाती लागला, बाकी रुग्णाच्या शरीरात राहून घरी जाताना किंवा रिकव्हरीत हवेत गेला. स्वीडनमध्ये नायट्रस तापवून त्याचा साधा नायट्रोजन आणि ऑक्सिजन करणारी यंत्रणा आहे. तिथं बाळंतिणींना कळांसाठी तो सर्रास देतात, म्हणून परवडते. आपल्याकडे असा डबा विकायला कुणी आलं तर आधी विचारावं: फ्लो किती ठेवता? सहावर ठेवून मागे डबा लावणं म्हणजे नळ सोडून फरशी पुसणं.

*

हे सगळं आपल्या आसपासच घडतं, याची गंमत वाटते. अमोनियम नायट्रेट सांभाळून तापवलं की नायट्रस बनतो, आणि अमोनियम नायट्रेटचा मोठा कारखाना शीळ फाट्यापलीकडे तळोज्याला आहे. नाकाने घ्यायच्या भूलद्रव्यांच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक, पिरामल, त्यांचं मुख्यालय कुर्ल्याला. डोंबिवलीहून फास्ट लोकलने पाऊण तासाच्या आत.

*

दर ५ जूनला आमच्याकडच्या रुग्णालयांत रोपं लावतात, फोटो निघतात. १६ ऑक्टोबरला जागतिक भूलदिन असतो, बॉस्टनमध्ये १८४६ साली मॉर्टनने ईथर दिलं त्याची आठवण म्हणून. त्या दिवशी केक कापतात. दोन्ही दिवस राहू द्यावेत. त्यातल्या एका दिवशी मॅनिफोल्डच्या खोलीत साबणाचं पाणी नेऊन जोड तपासावेत आणि महिन्यात किती सिलिंडर आले व थिएटरच्या नोंदीत किती लागले हे फळ्यावर लिहावं. अर्धा तास लागेल.

*

ठाण्यात जुन्या सिव्हिल हॉस्पिटलच्या जागी ९०० खाटांच्या नव्या रुग्णालयाचं काम हाती घेतलं गेलं. कल्याण-डोंबिवलीतही खाजगी इमारतींचे नकाशे रोज मंजूर होतायत. प्रत्येक नकाशात मेडिकल गॅसच्या नळ्यांचं एक पान असतं. त्यात ऑक्सिजन, हवा, सक्शन आणि सवयीने नायट्रस. ठेकेदार जुन्या निविदेची नक्कल करतो, वास्तुविशारद ठेकेदारावर सोडतो, आणि भूलतज्ज्ञाला विचारलं जातं ते इमारत उभी राहिल्यावर. एकदा भिंतीत गेलेली तांब्याची नळी पन्नास वर्षं गळत राहू शकते.

तेव्हा आयुक्तांना, विश्वस्तांना, वास्तुविशारदांना एवढीच विनंती: नव्या इमारतीत नायट्रसची नळी टाकू नका. ज्या थिएटराला लागेल, त्याने मशीनवर छोटा, बी-टाइप सिलिंडर लावावा आणि काम झालं की चावी फिरवून बंद करावा. तांब्याचे पैसे वाचतील ते गॅस ॲनलायझरला द्या.